कापसाचा पांढरा जलरंगात कसा आणावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी हिंगणघाटकडचा, वावर सांभाळून जलरंगात हात मारणारा हौशी माणूस. नागपूरला काम निघालं की अजब बंगल्यात चक्कर ठरलेली. १८६३ पासूनचं ते संग्रहालय. चित्रांपुढे तास कसा जातो कळत नाही. (बायको विचारते, "बियाणं आणाले गेलते का चित्रं पाहाले?") आजवर देवळं आणि बैलजोड्याच काढल्या. यंदा फुटलेली पऱ्हाटी घेतली अन् अडकलो. कागद कोरा सोडला तर बोंड चपटं दिसतं. सावलीला काळा मिसळला की कापूस पावसात भिजल्यासारखा मळकट. निळ्यात थोडा तपकिरी घेऊ का? उन्हात रंग पटकन वाळून कडा उमटतात, त्याला काय करता? मास्किंग फ्लुइड (रंग लागू नये म्हणून कागदावर आधी लावायचं द्रव) आमच्याकडे मिळत नाही, मेणबत्ती घासली तर चालेल?