जुना आय७-४७७० की नवा आय३-१२१००? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या डेस्कटॉपला इंटेलचा चौथ्या पिढीचा कोअर आय७-४७७० प्रोसेसर आहे, २०१३ चा. १६ जीबी डीडीआर३ रॅम, साटा एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एरवी तक्रार नाही, पण रॉ (कॅमेऱ्यातले कच्चे) फोटो एक्सपोर्टला लावले की टास्क मॅनेजरमध्ये आठही थ्रेड (प्रोसेसर एकाच वेळी चालवतो ते कामांचे धागे) शंभर टक्क्यांना टेकतात आणि ब्राउझरचा साधा टॅबसुद्धा उघडता उघडत नाही. ४के व्हिडिओ लावला तर फ्रेम गळतात. त्यात विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या आठव्या पिढीआधीचं जवळपास काहीच नाही.

जो तो सांगतो, आय३-१२१०० घे. इथे माझं घोडं अडलंय. दोन्हीकडे ४ कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), ८ थ्रेड. बेस क्लॉक (नेहमीचा वेग) उलट जुन्याचाच जास्त, ३.४ गिगाहर्ट्झ, नव्याचा ३.३. टर्बोला (गरजेपुरत्या वाढीव वेगाला) ३.९ विरुद्ध ४.३, म्हणजे फरक जेमतेम दहा टक्के. एवढ्यासाठी मदरबोर्ड आणि रॅम दोन्ही बदलायची? आणि आय७ वरून आय३ वर जाणं ही बढती कशी?

जाणकारांनी कृपया उलगडून सांगावं.

प्रतिसाद १:
आय३, आय७ ही उतरंड एकाच पिढीपुरती असते. तुमचा आय७ आला तेव्हा डेस्कटॉप आय३ ला दोनच कोअर असायचे. चार मिळाले ते आठव्या पिढीत.

क्लॉकची तुलनासुद्धा पिढी ओलांडून करू नका. एका सायकलमध्ये (क्लॉकच्या एका ठोक्यात) किती काम उरकतं, ते पाहा. तुमच्या ४७७० मधला कोअर (रचनेचं नाव हॅसवेल) एका सायकलला ४ सूचना डीकोड करतो, म्हणजे उलगडून घेतो; १२१०० मधला (गोल्डन कोव्ह) ६. पुढच्या सूचना आधीच उचलून, क्रम बदलून चालवायची खिडकी १९२ वरून ५१२ वर गेली. प्रत्येक कोअरचा एल२ कॅश (कोअरजवळची छोटी, वेगवान मेमरी) २५६ केबीचा सव्वा एमबी झाला, त्यामुळे डेटासाठी रॅमपर्यंत हेलपाटे कमी. हे सगळं क्लॉक न वाढवता. तुमच्या दहा टक्क्यांच्या हिशेबात यातलं काहीच धरलेलं नाही.

४के चं दुखणं वेगळं आहे. हल्ली बरेच व्हिडिओ एव्ही१ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) मध्ये येतात. ४७७० मध्ये त्याचा हार्डवेअर डीकोडर नाही, सगळा भार कोअरवर पडतो. १२१०० च्या ग्राफिक्समध्ये तो आहे. पण १२१००एफ उचलू नका! त्यात ग्राफिक्सच नाही, तुमच्याकडे कार्ड नाही, स्क्रीन काळीच राहील.

प्रतिसाद २:
वरच्याशी सहमत, पण एक्सपोर्टला आठही थ्रेड भरत असतील तर मी आय५-१२४०० घेईन. ६ कोअर, १२ थ्रेड, सॉकेट (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) १२१०० चाच, एलजीए १७००. नुसतं ब्राउझिंग असतं तर १२१०० पुरला असता.

धागाकर्ता:
आय५ चं पटतंय. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि एसएसडी जुनेच चालतील का?

प्रतिसाद २:
एसएसडी चालेल, विंडोज मात्र नव्याने टाका. एसएमपीएसला सीपीयूची ८ पिनची केबल आहे का बघा. बोर्ड डीडीआर४ चा की डीडीआर५ चा, ते ठरवूनच रॅम घ्या. एकाची दुसऱ्यात बसत नाही.