खांडस की भोरगिरी? एका दिवसात भीमाशंकर, सल्ला हवा आहे

पाऊसवेडी:
नमस्कार मंडळी. कॉलेजचा जुना कंपू बऱ्याच वर्षांनी एकत्र जमतोय. आठ जण आहोत, निम्मे ठाणे-डोंबिवलीचे, निम्मे पुण्याचे. जुलैअखेरीस एखादा शनिवार गाठून भीमाशंकर चालत चढायचं, वाटेत धबधब्यात भिजायचं, दर्शन घ्यायचं आणि रात्री आपापल्या घरी, असा बेत आहे. दोघी पहिल्यांदाच डोंगर चढणार आहेत आणि एका मित्राचा गुडघा कुरकुरतो. ठाणेकर मंडळी खांडसहून शिडी घाटाने जायचं म्हणून हटून बसली आहेत, कारण त्यांनी व्हिडिओ पाहिलेत. पुणेकर म्हणतात भोरगिरी. मला दोन्ही वाटा माहीत नाहीत आणि भांडण माझ्याच गळ्यात आलंय. कोणी जाऊन आलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

कर्जतकर:
आमच्याच बाजूचा प्रश्न आहे म्हणून आधी बोलतो. खांडस गावापुढे पुलाजवळ वाट फुटते. उजवीकडची गणेश घाटाची, डावीकडची शिडी घाटाची. गणेश घाट लांबचा पण सरळ मनाचा आहे. वाटेत गणपतीचं देऊळ लागतं, पदरगडाचा सुळका सतत सोबतीला असतो. शिडी घाट कड्याला भिडतो. लोखंडी शिड्या आहेत, पण शिडीपेक्षा शिडी संपल्यावरचा निसरडा कातळ जास्त धोक्याचा. आणि ऐन पावसात तिथे पाणी थेट वाटेवरूनच कोसळत असतं. दोन्ही वाटा वर पदरवाडीच्या पठारावर एकत्र येतात, तिथून पुढे जंगलातली शेवटची चढण.

जुलैत, नवख्यांना घेऊन, शिडी घाट नको. त्या व्हिडिओतली माणसं शिडीवर आपला नंबर लागेपर्यंत पावसात किती वेळ कुडकुडत उभी होती, ते व्हिडिओत दिसत नाही.

घाटवाट:
कर्जतकरांशी सहमत, फक्त एक पुस्ती. गणेश घाट सोपा आहे म्हणजे छोटा आहे असं नाही. कोकणातून घाटमाथ्यावर चढायचं म्हणजे सह्याद्रीची अख्खी भिंत चढायची. सराव असलेल्यालाही चार-पाच तास सहज लागतात, आणि ग्रुप नेहमी सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालतो. वर पोचून दर्शन घेऊन त्याच दिवशी परत खांडसला उतरायचं म्हटलं, तर तो गुडघा उतारावर नक्की बोलेल. चढताना दम लागतो, गुडघे उतरताना दुखतात. खांडसहून जायचंच असेल तर वर चढून परतीला एसटी धरा.

शिडीशूर:
अहो, किती घाबरवताय! मी पावसात शिडी घाट केलाय, काही होत नाही. थ्रिल त्यातच आहे. भोरगिरीची वाट म्हणजे पिकनिक.

घाटवाट:
@शिडीशूर, तुम्ही केलात, आनंद आहे. प्रश्न तुमच्याबद्दल नाही, पहिल्यांदा येणाऱ्या दोघींबद्दल आहे. आणि त्यांना पिकनिकच हवी आहे, धागा पुन्हा वाचा.

नदीकाठ:
भोरगिरीच्या बाजूने माझं मत, आणि जरा लांबण लावणार आहे, कारण ही वाट मला फार आवडते.

राजगुरुनगरहून चास, वाडा करत भोरगिरीला जायचं. बराच वेळ चासकमान धरणाचं पाणी रस्त्याच्या कडेने दिसत राहतं. गावात भीमेच्या काठी कोटेश्वराचं जुनं देऊळ आहे, जुन्या कोरीव दगडांचे अवशेष आवारात दिसतात. झंज राजाने नद्यांच्या उगमापाशी बारा शिवालयं बांधली असं सांगतात, त्यांत याचं नाव घेतात. मागे भोरगिरीचा छोटा किल्ला आणि त्यातली लेणी आहेत. पण वेळ कमी असेल तर किल्ला सोडा, परतीला जमलं तर बघा.

गावातून भातखाचरांच्या बांधांवरून वाट निघते, दोन-तीन ओढे ओलांडते आणि मग झाडीत शिरते. साधारण सात-आठ किलोमीटर, चढ अंगावर येत नाही. रमतगमत तीन-साडेतीन तास. तुम्हाला हवा असलेला धबधबाही याच वाटेवर आहे. देवळाच्या थोडं अलीकडे गुप्त भीमाशंकर लागतं, तिथे पावसाळ्यात पाणी कातळावरून शिवलिंगावर पडतं. भीमा मुख्य देवळापाशी उगम पावते, लुप्त होते आणि इथे पुन्हा प्रकटते अशी श्रद्धा आहे. हीच नदी पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते, हे तिथे उभं राहून आठवलं की मला दरवेळी गंमत वाटते.

मुख्य देऊळही घाईत उरकू नका. शिखराचं काम नाना फडणवीसांच्या काळातलं. बाहेरची मोठी घंटा बघा. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ती आहे.

पाऊसवेडी:
@नदीकाठ, वाचूनच निघावंसं वाटतंय. पण ओढे ओलांडायचे म्हणजे किती पाणी असतं? आमच्यातल्या दोघांना पोहता येत नाही.

रानभूल:
पोहता येण्या-न येण्याचा इथे फारसा संबंध नाही, वाहत्या पाण्यात पट्टीचे पोहणारेही पाय घसरून जातात. पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि ओढ जाणवत असेल तर ओलांडायचं नाही, इतका साधा हिशोब ठेवा. डोंगरातला ओढा तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही फुगतो, कारण पाऊस वर माथ्यावर झालेला असतो. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पालापाचोळा, काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज बदलला, की लगेच बाहेर या आणि उंचावर थांबा. बऱ्याचदा पाऊस थांबल्यावर तासा-दोन तासांत ओसरतं. आणि जाताना ओलांडलेला ओढा येताना तसाच असेल हे गृहीत धरू नका.

धबधब्याच्या थेट धारेखाली उभं राहू नका. पाण्याबरोबर वरून दगड येतात. कडेला बसून भिजा, तेवढीच मजा येते.

गावातला एखादा माणूस वाटाड्या म्हणून घ्या. धुक्यात ढोरवाटा आणि खरी वाट सारख्याच दिसतात, आणि मोबाइलची रेंज जंगलात बेभरवशाची. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

कर्जतकर:
अजून एक: मुसळधार पावसाच्या दिवसांत प्रशासन आणि वनविभाग काही वाटा, धबधबे बंद ठेवतात. कलम 163 खाली, म्हणजे आधीचं 144, मनाईचे आदेश निघतात. आदल्या दिवशी बातम्या आणि हवामान खात्याचा इशारा बघा. रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर तारीख बदला, भीमाशंकर कुठे पळून जात नाही. मंदिरात कामं चालू असली तर दर्शनाचंही वेळापत्रक बदलतं, तेही विचारून घ्या.

कावेरी_मावशी:
गुडघेवाल्या मित्रासाठी: एसटी स्टँडवरून देवळात उतरायला दोनशेच्या वर पायऱ्या आहेत. भोरगिरीकडून आलात तर देवळात खालच्या बाजूने पोचता, म्हणजे स्टँडला जायला त्या पायऱ्या शेवटी चढाव्या लागतात. दमलेल्या पायांनी. तेवढा वेळ हिशोबात धरा. श्रावण लागला असेल तर शनिवार-सोमवार टाळाच. गर्दीत गाड्या अलीकडे निगडाळ्यालाच थांबवतात आणि तिथून एसटीने वर नेतात.

जीन्स घालून कोणी येऊ नका गं. भिजली की जड होते आणि वाळत नाही. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत, चांगल्या पकडीचे बूट, आणि छत्रीऐवजी रेनकोट.

पाऊसवेडी:
मावशी, नोंद केली. ☺ परतीचं कसं करू? गाड्या भोरगिरीला ठेवल्या तर?

घाटवाट:
मग त्याच वाटेने परत चालावं लागेल. रस्त्याने भोरगिरीला यायचं तर बराच वळसा आहे. तुमच्या कंपूसाठी मी असं करीन: ठाणेकरांनी शुक्रवारी रात्रीच पुण्यात मुक्काम करायचा. सगळ्यांनी मिळून चालकासह एक गाडी ठरवायची. तिने पहाटे भोरगिरीला सोडायचं आणि वाडा-तळेघरमार्गे भीमाशंकरला येऊन थांबायचं. म्हणजे उतरणं नाही आणि एसटीची धावपळही नाही. गाडी नसेल तर भीमाशंकरहून घोडेगाव-मंचरकडे एसटी मिळते, पण शेवटची कधी हे त्याच आठवड्यात डेपोत फोन करून विचारा. इथे कोणी लिहिलेली वेळ धरू नका.

आठच्या आत चालायला लागा. आणि निघण्यापूर्वीच सगळ्यांसमोर ठरवा: दीड वाजेपर्यंत गुप्त भीमाशंकरला पोचलो नाही तर धबधब्यात खेळणं रद्द, थेट देऊळ. झाडीत आणि धुक्यात सहालाच अंधारतं. ऐनवेळी ठरवायला गेलात की आठ जणांची आठ मतं होतात.

शेकरूप्रेमी:
विषयांतर होतंय, पण हे अभयारण्य 1985 साली जाहीर झालं ते मुख्यतः शेकरूसाठी, आपल्या राज्यप्राण्यासाठी. धो धो पावसात तो दिसणं कठीण. झाडांच्या शेंड्यांकडे काटक्यापानांचे गोल गोळे दिसले तर ती त्याची घरटी. मोठ्याने गाणी लावून चाललात तर तेवढंही दिसणार नाही. तारीख बदलणार असाल तर सप्टेंबरचा विचार करा. पाऊस ओसरलेला, धबधबे अजून जिवंत, पठारांवर सोनकी पिवळीधमक.

पाऊसवेडी:
ग्रुपवर हा धागा टाकला. शिडी घाटवाल्यांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही, मग एकाने "गाडी कोण ठरवतंय?" एवढंच विचारलं, म्हणजे मान्य आहे. जुलैअखेरीऐवजी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बघतोय, श्रावण आणि गणपती टाळून. शेवटचा प्रश्न: भोरगिरीत जेवणाची सोय होते का?

नदीकाठ:
आधी सांगितलं तर गावात घरगुती करून देतात. पण तुम्ही वर जाणार, तर दुपारचं जेवण देवळाजवळच्या हॉटेलांतच होईल. भोरगिरीत सकाळचे पोहे-चहा सांगून ठेवा, वाटाड्याही त्याच घरातून मिळेल. वाटेवर मात्र काही मिळत नाही, तेव्हा माणशी दोन लिटर पाणी आणि थोडा सुका खाऊ सोबत असू द्या. रिकामी पाकिटं परत आणायची, हे वेगळं सांगत नाही.