कॅमेरा कसा बसवलाय ही नोंद डिव्हाइस ट्रीत सक्तीची करा

फोंडेकार
लिनक्सच्या डिव्हाइस ट्रीत, म्हणजे संगणकाच्या बोर्डावर काय काय जोडलंय ते लिनक्सला सांगणाऱ्या फाइलीत, कॅमेऱ्याच्या सेन्सरसाठी दोन नोंदी आहेत. ओरिएंटेशन: ० म्हणजे पुढचा, १ मागचा, २ बाहेरचा. आणि रोटेशन: सेन्सर किती अंशांनी फिरवून बसवलाय. दोन ओळींचं काम, तरी बोर्ड बनवणारे ते टाळतात. वेर्ण्यात आमच्याकडे आलेल्या एका बोर्डाच्या फाइलीत दोन्ही नव्हत्या. चित्र उलटं, आणि प्रत्येक ॲपमध्ये वेगळी दुरुस्ती. माझं म्हणणं, या नोंदी नसतील तर फाइल स्वीकारूच नये.

पेडण्याचो
बाब, सक्ती कुणावर? रिबन केबलीचा कॅमेरा उद्या चोडणच्या फेरी धक्क्यावर खांबाला लावला, तर बोर्ड बनवणाऱ्याला त्याचा कोन कसा कळणार? आणि ज्याला स्क्रीनच नाही त्याचं पुढचं-मागचं कशावरून ठरवायचं?

फोंडेकार
त्यासाठीच २ आहे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर आयएमएक्स२१९ या कॅमेरा सेन्सरचा ओव्हरले, म्हणजे डिव्हाइस ट्रीला जोडायची पुरवणी फाइल, मुळात रोटेशन १८० धरतो. कॅमेरा तसा बसवला नसेल तर बसवणाऱ्यानं तिथंच ० लिहावं. बोर्डवाल्याला माहीत नसेल तर बसवणाऱ्याला माहीत असतं. ॲपला मात्र ते कधीच माहीत नसतं.

डिचोलीची
सक्तीला माझा विरोध आहे, पण पेडण्याच्या कारणासाठी नव्हे. सक्ती केली की लोक शून्य भरून मोकळे होतात. नोंद नसेल तर सॉफ्टवेअरला निदान कळतं की माहिती नाही. खोट्या शून्यावर ते विश्वास ठेवतं. लॅपटॉपचंच बघा. तिथं एसीपीआय या हार्डवेअरच्या वर्णनातल्या पीएलडी नावाच्या नोंदीतून कॅमेरा कुठल्या बाजूला आहे ते समजतं, तरी काही मॉडेलांचं फर्मवेअर, म्हणजे यंत्रात आधीच भरलेलं सॉफ्टवेअर, कोन चुकीचा सांगतं. म्हणून कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आयपीयू-ब्रिज या भागात उलट्या सेन्सरांच्या मॉडेलांची यादी ठेवावी लागली. त्याआधी लिबव्हीफोरएल या कॅमेऱ्याच्या जुन्या लायब्ररीतही अशीच यादी होती.

फोंडेकार
बाय, या याद्या माझ्याच बाजूनं बोलतात. मूळ वर्णन खरं असतं तर त्या लागल्याच नसत्या.

डिचोलीची
खरं वर्णन सक्तीनं येत नाही, तपासणीनं येतं. ९० अंशांत तर दिशेचाही घोळ आहे. चित्र सरळ करायला लिनक्सचा व्हीफोरएल-टू हा कॅमेरा इंटरफेस कोन घड्याळाच्या उलट दिशेनं मोजतो, अँड्रॉइड घड्याळाच्या दिशेनं. एकाचे ९० ते दुसऱ्याचे २७०. आकडा जसाच्या तसा उचलला की चित्र पूर्ण उलटं दिसतं, आणि ० किंवा १८० असेल तर ही चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

पेडण्याचो
आणि कोन लिहिला तरी चित्र फिरवणार कोण? १८० असेल तर बरेच सेन्सर आडवं-उभं दोन्ही उलटवून स्वतःच सरळ चित्र देतात, पण त्यात काही सेन्सरांचा बायर क्रम, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या बिंदूंची मांडणी, बदलतो. ९०ला सेन्सरचा उपयोगच नाही, प्रोसेसरवर भार येतो. आमच्यासारख्या छोट्या बोर्डांना तो झेपत नाही.

फोंडेकार
फिरवायचं की नाही हे डिव्हाइस ट्रीनं सांगायचंच नाही. सेन्सर कसा बसलाय एवढंच तिथं लिहायचं. पुढचा निर्णय लिबकॅमेराचा, म्हणजे कॅमेरा हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरचा. एक मात्र मान्य: सक्ती फक्त पेटीत कायमचा स्क्रूनं बसवलेल्या कॅमेऱ्यांपुरती ठेवा. केबलीवरच्यांना सूट.

डिचोलीची
आणि फाइल देताना त्या कॅमेऱ्यानं काढलेला, अक्षरं असलेल्या कागदाचा कच्चा, न फिरवलेला फोटो जोडायची अट घाला. मग मी तुमच्या बाजूला.

पेडण्याचो
मी अजून नाही. घडी होणाऱ्या फोनसाठी अँड्रॉइडला घडीनुसार सेन्सरचा कोन बदलायची सोय करावी लागली. डिव्हाइस ट्रीत आकडा एकच. तिथं सक्तीनं काय लिहायचं, ते आधी सांगा.