मदत हवी आहे : लकव्याच्या रुग्णाला घरी नेणाऱ्यांना शिकवायचं, पण शिकवायचं कुणाला? (नर्सिंग प्रबंधाची रचना)

रात्रपाळी

नमस्कार. मी ठाण्यातल्या एका रुग्णालयात मेडिसिन वॉर्डची स्टाफ नर्स आहे. सध्या रजा घेऊन नवी मुंबईत एम.एस्सी. नर्सिंग करते आहे. प्रबंधाचा सिनॉप्सिस लवकरच द्यायचा आहे. इथे संख्याशास्त्राची, वैद्यकातली आणि घरी आजारी माणूस सांभाळलेली बरीच मंडळी लिहितात, म्हणून विचारते. पोस्ट लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

लकव्याचा झटका येऊन गेलेला रुग्ण आमच्याकडून घरी जातो तेव्हा पुष्कळदा नाकातून पोटात जाणारी राईल्स ट्यूब असते, लघवीसाठी कॅथेटर असतो आणि एक बाजू हलत नसते. डिस्चार्जच्या दिवशी बिल, इन्शुरन्सचे कागद, अँब्युलन्स, औषधांची पिशवी अशी धावपळ चालू असते. त्यातच आम्ही नातेवाइकांना सांगतो की फीड, म्हणजे नळीतून पातळ अन्न, देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली हवी आणि फीडनंतर निदान अर्धा तास तशीच ठेवायची. नाकाजवळची नळीवरची खूण सरकली नाही ना हे दर वेळी बघायचं, शेवटी साधं पाणी सोडून नळी धुवायची. खोकला किंवा ठसका लागला तर फीड तिथेच थांबवायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड, टाचा आणि खुब्याची त्वचा रोज बघायची, युरोबॅग (लघवीची पिशवी) कमरेच्या वर धरायची नाही. ऐकणारा माणूस मान हलवतो, सही करतो आणि लिफ्टकडे निघतो.

हे ऐकणारा माणूस बहुतेक वेळा मुलगा असतो, नाहीतर जावई किंवा पुतण्या. बिलासाठी वर-खाली करणारा तोच, पुरुषांच्या वॉर्डात रात्री थांबायची परवानगीही पुरुष नातेवाइकालाच, त्यामुळे आमची ओळख त्याच्याशी झालेली असते. घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी तो कामावर जातो. फीड देते सून, बायको किंवा ब्युरोकडून (घरी रुग्णसेविका पुरवणाऱ्या संस्थेकडून) आलेल्या मावशी. त्यांच्यापैकी कुणी आमच्यासमोर नळीला हातसुद्धा लावलेला नसतो. दिव्यातल्या किंवा घणसोलीतल्या एका खोलीच्या घरात, जमिनीवरच्या गादीवर ४५ अंश कसे करायचे हेही त्यांनाच शोधावं लागतं. पुढे असाच एखादा रुग्ण माकडहाडाला जखम घेऊन किंवा छातीत कफ भरून परत येतो. सोबत आलेली बाई म्हणते, “सिस्टर, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही,” आणि तिचं खरं असतं.

मला हाच विषय घ्यायचा आहे. गाइड मॅडमचा सल्ला असा की नेहमीच्या चौकटीत बसव : नातेवाइकांसाठी आखीव शिक्षण कार्यक्रम, आधी प्रश्नावली, मग शिकवणं, मग पुन्हा तीच प्रश्नावली, ६० नमुने. मॅडमना वेळेत पूर्ण होणारं काम हवं आहे आणि त्या माझ्या भल्याचंच सांगतात. पण शिकवून झाल्यावर लगेच तीच प्रश्नावली दिली तर गुण वाढणारच. त्यावरून घरी कूस बदलली गेली का, हे कळत नाही. असे प्रबंध नर्सिंगच्या ग्रंथालयांत रांगेने उभे आहेत, त्यात आणखी एकाची भर घालावीशी वाटत नाही.

वाचन केलं तेव्हा मोठी अडचण समोर आली. २००४ मध्ये लंडनच्या एका केंद्रात ३०० रुग्णांवर अभ्यास झाला होता. काळजी घेणाऱ्यांना प्रत्यक्ष शिकवलं तर त्यांच्यावरचा भार कमी झाला, खर्चही कमी झाला, असं त्यात दिसलं. तेच शिक्षण पुढे ब्रिटनमधल्या ३६ स्ट्रोक युनिटांत, रुग्ण आणि काळजीवाहक अशा ९२८ जोड्यांवर तपासलं गेलं. ट्रॅक्स नावाची ही चाचणी २०१३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली आणि फरक दिसला नाही. मग आपल्याकडची अटेंड चाचणी, तीही लॅन्सेटमध्ये, २०१७ साली. भारतातली १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण. कुटुंबालाच व्यायाम आणि हालचाली शिकवायच्या, रुग्णालयात सुरुवात करून घरी दोन महिन्यांपर्यंत पाठपुरावा. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्के. काडीचाही फरक नाही.

हे वाचून दोन दिवस हातपाय गळाले. नंतर वाटलं, अटेंडमध्ये मोजलं ते परावलंबन. मेंदूला झालेली इजा घरच्यांच्या मेहनतीने किती भरून निघणार? माझा प्रश्न त्याहून लहान आहे आणि तो नर्सिंगचा आहे : जखम झाली का, ठसका लागून न्यूमोनिया झाला का, नळी तुंबली का. त्याच्याही आधी, शिकवलेला माणूस आणि करणारा माणूस एकच होता का?

तर मदत अशी हवी आहे. ६० च्या आसपास रुग्णांत, एका वर्षात, बेडसोअरसारखी (पडून राहून होणाऱ्या जखमेसारखी) गोष्ट मोजून काही अर्थाचं सांगता येईल का? काळजी घेणाऱ्यावरचा भार मोजायला झारिटची २२ प्रश्नांची पट्टी वापरायचा विचार आहे, मराठीतून कुणी वापरली आहे का? घरचा पाठपुरावा फोनवर ठेवला तर उत्तरं खरी मिळतील का? आणि ज्यांनी ठाणे-नवी मुंबईत राईल्स ट्यूबचा रुग्ण घरी सांभाळला आहे त्यांनी मला सांगावं, की रुग्णालयातून निघताना तुम्हाला काय कळायला हवं होतं.

आकडेमोड

विषय पटला. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र नकारार्थी आहे.

समजा, नेहमीच्या पद्धतीत १०० पैकी ३० जणांना घरी जखम होते आणि तुमच्या शिकवण्याने ती १५ वर येईल अशी आशा आहे. (हे आकडे फक्त उदाहरणासाठी.) हा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात साधारण १२० रुग्ण लागतात, मध्येच सुटणारे वेगळे. ६० मध्ये, म्हणजे ३०-३० च्या दोन गटांत, फरक दिसला नाही तर ‘उपयोग नाही’ असंही म्हणता येणार नाही आणि ‘आहे’ असंही नाही. रुग्णांनी आणि तुम्ही घेतलेली मेहनत वाया जाईल.

पण तुमच्या पोस्टमध्येच एक असा प्रश्न आहे जो ६० मध्ये बसतो. डिस्चार्जला ज्याला शिकवलं तो पंधराव्या दिवशी फीड देणारा आहे का? हे साधं प्रमाण आहे. ६० पैकी निम्म्या घरांत माणूस वेगळा निघाला, तर खरं प्रमाण ढोबळमानाने ३७ ते ६३ टक्क्यांच्या मधलं. पट्टा रुंद आहे, पण ‘शिकवणं चुकीच्या माणसापर्यंत जातंय’ हे सांगायला पुरेसा आहे. माझ्या माहितीत हे कुणी नीट मोजून ठेवलेलं नाही. हाच मुख्य निष्कर्ष ठेवा. जखम, न्यूमोनिया, पुन्हा भरती हे नोंदवा जरूर, पण दुय्यम म्हणून.

झारिटबद्दल : त्या पट्टीचे हक्क राखीव आहेत, परवानगी मापी रिसर्च ट्रस्टकडून घ्यावी लागते. अधिकृत मराठी भाषांतर आहे का हेही तिथेच विचारा. स्वतः भाषांतर केलंत तर दुसऱ्या माणसाकडून उलटं इंग्रजीत करून घेऊन ताडून बघावं लागेल, आणि मग थोड्या लोकांवर चाचणी. त्यात तुमचे दोन महिने जातील. मुख्य प्रश्न बदलला तर भार मोजण्याची गरज उरते का, हे आधी ठरवा.

निवृत्त सिस्टर

बाळा, मी सरकारी रुग्णालयात वॉर्ड इनचार्ज होते. तू लिहिलंयस ते अगदी तसंच आहे. आमच्या वेळीही पुरुषांच्या वॉर्डात रात्री बायकांना थांबू द्यायचे नाहीत, आणि सकाळी बायको डबा घेऊन यायची तेव्हा डॉक्टरांचा राउंड, म्हणून तिला बाहेर काढायचे. जिला करायचं आहे तीच दाराबाहेर.

दोन गोष्टी सांगते. भरती झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच विचारायचं, “घरी यांचं कोण करणार?” डिस्चार्जच्या दिवशी हा प्रश्न विचारून उपयोग नाही. नाव कळलं की त्या माणसाला फीडच्या वेळी बोलवायचं आणि करायला लावायचं. आपण करून दाखवणं वेगळं आणि त्यांच्या हातून करून घेणं वेगळं. पहिल्यांदा सिरिंज धरताना हात थरथरतो, दुसऱ्या वेळी कमी, तिसऱ्या वेळी ती बाई स्वतःच खूण बघते. तुझ्या नोंदवहीत ‘सांगितलं’ असा रकाना नको, ‘स्वतः करून दाखवलं’ असा ठेव.

दुसरं, मेट्रनना आणि अधीक्षकांना आधी भेट. त्या एका नातेवाइकाला फीडच्या वेळी आत येऊ द्यायचं, एवढीच परवानगी माग. भेटीच्या वेळा बदला म्हणालीस तर कुणी ऐकणार नाही. नर्सिंगच्या हातात असलेलं काम आहे हे. कर्नाटक-पंजाबकडच्या सरकारी रुग्णालयांत नूरा हेल्थ नावाच्या संस्थेबरोबर नर्सेसच नातेवाइकांचे वर्ग घेतात, त्यांचं साहित्य मागून बघ.

कोपरखैरणेची सून

सासऱ्यांचं सगळं मी केलं. काय कळायला हवं होतं ते लिहिते.

नळी तुंबल्यावर काय करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. मिक्सरमधून काढलेली खिचडी गाळली नव्हती, त्यामुळे तुंबली. गोळ्या किती बारीक कुटायच्या, सगळ्या कुटून चालतात का, हेही माहीत नव्हतं. रात्री दर दोन तासांनी उठायचं हे कागदावर होतं, पण एकटीने ७० किलोचं माणूस कसं वळवायचं हे कागदावर नव्हतं. शेवटी शेजारच्या इमारतीतल्या एका मावशींनी चादर अंगाखाली घालून ओढून वळवायचं शिकवलं.

मिस्टरांना सगळं समजावलं होतं म्हणे. त्यांनी मला घरी येऊन सांगितलं ते एवढंच, की “दोन-दोन तासांनी दूध द्यायचं.” त्यांचा दोष नाही, त्या दिवशी त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

आणि फोनवर खरं सांगेन का, असं विचारलंत म्हणून सांगते. हॉस्पिटलमधून फोन आला असता तर मी “सगळं ठीक आहे” म्हणाले असते. मागे सासूबाई बसलेल्या असायच्या. सकाळी अकरा-साडेअकराला विचारलं असतं, आणि “जखम झाली का” असं न विचारता “माकडहाडाजवळची कातडी आज कशी दिसते” असं विचारलं असतं, तर बोलले असते.

आकडेमोड

वरचा प्रतिसाद प्रश्नावलीत जसाच्या तसा घ्यावा असा आहे.

परवानग्यांचं राहिलं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची मंजुरी पहिला माणूस घेण्याआधी हवी, नंतर मिळत नाही. समिती केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे का तेही बघा. काळजी घेणारी व्यक्ती हीच तुमची सहभागी आहे, त्यामुळे संमती तिचीही लागेल. फक्त मुलाची सही घेऊन सुनेला फोन करता येणार नाही. रुग्णाच्या नोंदी वापरणार आणि तो संमती द्यायच्या स्थितीत नसेल, तर त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीची संमती. जखमेचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवणार असाल तर ते समितीपुढे स्पष्ट लिहा : कुणाच्या फोनवर येणार, कधी पुसणार. नुसतं निरीक्षण न करता नवी पद्धत लागू करून तपासणार असाल तर सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदणी करा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे फक्त आधी केलेलीच नोंदणी घेतात.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गाइड मॅडमना भेटले आणि हा धागा वाचून दाखवला. सूनबाईंचा प्रतिसाद ऐकल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ज्ञानाचे गुण काढून टाकू.

आता रचना अशी ठरते आहे. नवीन कार्यक्रम नाही, फक्त निरीक्षण. डिस्चार्जच्या दिवशी नोंद : कुणाला शिकवलं, त्या व्यक्तीने स्वतः करून दाखवलं का. पंधराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास घरी फोन : आज फीड कुणी दिलं, त्यांना कुणी शिकवलं, कातडी कशी आहे, नळी कितीदा तुंबली. शिवाय आठ-दहा जणींशी सविस्तर मुलाखती, शक्यतो घरी जाऊन आणि त्यांना सोयीच्या वेळी. झारिट सोडून दिली. ब्युरोच्या मावशींनाही घ्यायचं असं माझं म्हणणं आहे, मॅडम अजून तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, मावशी कुटुंबातल्या नाहीत. माझं म्हणणं, नळीत दूध त्याच सोडतात. यावर इथे कुणाचं काही मत असेल तर जरूर लिहा, मला युक्तिवादाची गरज आहे.

सिस्टर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी विचारायचा तो प्रश्न आमच्या वॉर्डच्या इनचार्जना सांगितला. संशोधनाची वाट न बघता नर्सिंग नोट्समध्ये ‘घरी काळजी घेणारी व्यक्ती’ अशी एक ओळ घालायला त्या तयार झाल्या आहेत.

फोनवरच्या प्रश्नांचा मराठी मसुदा तयार आहे. राईल्स ट्यूबचा रुग्ण घरी सांभाळलेल्या पाच-सहा जणींनी तो वाचून कुठला प्रश्न अडतो, कुठला दुखावतो ते सांगावं अशी विनंती आहे. नाव-पत्ता काहीच नको. इथेच व्यक्तिगत निरोप पाठवा, मी मसुदा पाठवते. कोपरखैरणेच्या ताई, तुम्ही वाचाल का?

कोपरखैरणेची सून

पाठवा. दुपारी वेळ असतो. ब्युरोच्या मावशींना घ्याच. आमच्याकडे शेवटचे चार महिने त्याच होत्या, आणि त्यांच्या आधीच्या घरातही असाच रुग्ण होता. त्यांना विचारलंत तर एका बाईकडून पाच घरांचं कळेल.