मदत हवी आहे: इलिओस्टॉमीनंतर जितकं पाणी पाजावं तितकं पिशवीतून जातंय

रानजाई

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील, आप्पा, वय ६७. गुदाशयाच्या कॅन्सरसाठी पुण्यात ऑपरेशन झालं, त्याला आज ३४ दिवस झाले. आतला जोड भरून येईपर्यंत लूप इलिओस्टॉमी ठेवली आहे, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर उजव्या बाजूला काढून त्यावर पिशवी. काही महिन्यांनी ती बंद करायची आहे. जखम भरत आलीय, स्टोमा, म्हणजे आतड्याचं ते तोंड, छान लाल आहे, बेसप्लेट (पिशवीची पोटाला चिकटणारी चकती) बदलायला आई आणि मी दोघी शिकलो. अडलंय ते पाण्यापाशी.

डिस्चार्ज कार्डवर खाण्यापिण्याची एकच ओळ होती: भरपूर पाणी व पातळ पदार्थ घ्यावेत. आम्ही ती अगदी मनावर घेतली. बार्शीचा उन्हाळा, त्यात येणारा-जाणारा प्रत्येकजण सांगणार, पाणी पाजा, शहाळं द्या, सरबत द्या. आप्पा दिवसाला चार-चार लिटर पीत होते. घरी आल्यावर अकराव्या दिवशी पहाटे पिशवी रिकामी करून उठताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते भिंतीला धरून खाली बसले. जीभ बघितली तर कोरडी, टाळ्याला चिकटत होती. पोटऱ्यांत गोळे. आदल्या संध्याकाळपासून लघवीच झाली नव्हती. इथल्या दवाखान्यात रक्त तपासलं, सोडियम कमी, १२६, आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन जास्त, २.४. ऑपरेशनच्या आधी ते १.० होतं. तीन दिवस सलाइनवर ठेवलं, मग घरी सोडलं.

तेव्हापासून मी मोजते. मेडिकलमधून एक लिटरचं मोजपात्र आणलंय, वहीत तीन रकाने आखलेत: पोटात गेलं, पिशवीत आलं, लघवी. सोमवारी पिशवीत २१०० मिली, मंगळवारी १८५०, काल २२५०. अगदी ताकाच्या निवळीसारखं पातळ. लघवी जेमतेम ५००, गडद पिवळी. रात्री तीन वेळा उठावं लागतं. आप्पा एक हात पिशवीवर ठेवूनच झोपतात, फुटेल या धास्तीने. आता म्हणतात, मी पितच नाही, म्हणजे येणारच नाही.

ओआरएस देतेय, पण त्यांना खारट लागतं म्हणून एक पुडी दोन लिटरमध्ये करते. सर्जननी लोपरामाईड (जुलाब आवरणारी गोळी) २ मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ दिली आहे, ती जेवणानंतर देते. बीपीची गोळी टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइड, ॲडमिट असताना बंद होती, घरी आल्यावर परत सुरू केली.

ज्यांनी हे स्वतः काढलंय त्यांनी कृपया सांगा, पाणी द्यायचं की नाही? दिलं तर कसं? आणि बीपीमुळे दहा वर्षं मीठ कमी खाणाऱ्या माणसाला आता मीठ द्यायचं का?

कडुनिंब

रानजाई, आधी आप्पांना सांगा की पिणं बंद करायचं नाही. न प्यायल्याने पिशवी थांबत नाही, किडनी मात्र थांबते.

मला २०१४ पासून कायमची इलिओस्टॉमी आहे, अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणाऱ्या आजारामुळे. पहिल्या महिन्यात माझंही असंच झालं होतं, त्यामुळे तुमची वही वाचताना पोटात कालवलं. घडतं ते असं. मोठं आतडं रोज लिटर-दीड लिटर पाणी आणि त्यासोबत मीठ शोषून परत रक्तात घेतं. ते वाटेतून बाजूला झालं की लहान आतड्यातून येतं ते सगळं थेट पिशवीत. त्या पाण्यात मीठ भरपूर असतं, एका लिटरमागे साधारण सहा ग्रॅम. साधं पाणी जास्त प्यायलं की आतडं आपल्याकडचं मीठ त्या पाण्यात सोडतं, आणि मग पाणी व मीठ दोन्ही वाहून जातं. तहान वाढते, माणूस आणखी पाणी पितो, पिशवी आणखी भरते. चहा, सरबत, शहाळं, फळांचे रस यांचंही तेच. शहाळ्यात पोटॅशियम आहे, पण आप्पांना हवं ते सोडियम त्यात फार थोडं.

म्हणून ओआरएस पातळ करू नका. एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच. दुप्पट पाण्यात केलं की साधं पाणी दिल्यासारखंच होतं. पुडीवर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलेला बघा, २०.५ ग्रॅमची असते. खोक्यातली गोड पेयं ओआरएस समजून घेऊ नका, त्यांत साखर फार आणि ती आउटपुट, म्हणजे पिशवीत येणारं, वाढवते. खारटपणासाठी माझा उपाय: माठात नाही, फ्रीजमध्ये गार करायचं आणि तोंडात लिंबाचा वास राहील इतकंच लिंबू. ग्लास भरून गटागटा नाही, दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट. एकदा केलेलं २४ तासांनी ओतून द्या.

जेवताना पाणी नको. अर्धा तास आधी आणि अर्धा तास नंतर काही प्यायचं नाही. हे एवढं पाळलं तरी दाटपणात फरक दिसतो. आणि लोपरामाईड जेवणानंतर नाही, जेवणाच्या अर्धा तास आधी. मला हे कळायला दोन महिने लागले.

सिस्टर_पश्चिमरंग

मी स्टोमा असलेल्या रुग्णांसोबत काम करते. वरचा प्रतिसाद बरोबर आहे, मी राहिलेलं सांगते.

रानजाई ताई, आज संध्याकाळपर्यंत सर्जनना फोन करा. थांबू नका. दिवसाला १५०० मिलीच्या वर जाणारं आउटपुट म्हणजे हाय आउटपुट, आणि आप्पांचं सलग तीन दिवस तसं आहे. घडी बसलेल्या इलिओस्टॉमीचं ५०० ते ८०० च्या आसपास असतं. फोनवर पहिल्या वाक्यात बीपीच्या गोळीचं नाव घ्या. हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवी वाढवणारी गोळी आहे आणि टेल्मिसार्टन कोरड्या पडलेल्या किडनीला झेपत नाही. बंद ठेवायची की बदलायची हे डॉक्टर ठरवतील, पण त्यांना कळायला तर हवं. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, आणि मॅग्नेशियमसुद्धा पुन्हा तपासायला सांगतील. मॅग्नेशियम कमी झालं तरी गोळे येतात. साधं पाणी दिवसाला किती, हाही आकडा त्यांच्याकडूनच घ्या. बऱ्याचदा ते अर्धा ते एक लिटरवर बांधून देतात आणि बाकी ओआरएस. लोपरामाईडचा डोस आपल्या मनाने वाढवू नका.

मिठाचं विचारलंत. या काळात बहुतेक वेळा मीठ वाढवायलाच सांगतात, पण आप्पांना बीपी आहे म्हणून विचारून.

पिशवीत गोळ्या अख्ख्या दिसतात का बघा. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या तशाच बाहेर पडतात.

आणि उलटी बाजूही लक्षात असू द्या. चार-सहा तास पिशवी रिकामी, पोटात कळा, फुगलेलं पोट, उलटी, म्हणजे आतडं अडलंय. तिथे ओआरएस नाही, थेट दवाखाना.

पाटावरवंटा

सासूबाईंचं केलं होतं, खाण्याचं सांगते. मऊ भात, साबुदाणा, उकडलेला बटाटा, पिकलं केळं, घट्ट दही याने पिशवीतलं आळतं. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. पेजेत मीठ घाला, पण ती जेवण समजून द्या, पाणी समजून नाही. मक्याचं कणीस, ओलं खोबरं, मेथीचे देठ, अख्खे शेंगदाणे सध्या नको. रात्रीचं जेवण सातला उरकलं की रात्रीची उठबस कमी होते. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, म्हणजे फुटायची भीती राहत नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहितेय.

त्याच संध्याकाळी फोन केला. बीपीची गोळी तूर्त बंद, लोपरामाईड जेवणाआधी आणि डोस त्यांनी वाढवून दिला, साधं पाणी दिवसाला ७५० मिली, बाकी पूर्ण ताकदीचं ओआरएस. इथे रक्त तपासलं, सोडियम १३१, क्रिएटिनिन १.६. एक दिवस सलाइन लावलं. दर दोन दिवसांनी तपासायचं आहे.

वही: १९००, १६५०, १४००, काल १२५०. काल पहिल्यांदा पिशवीत पिठल्यासारखं घट्ट आलं, आईने मला हाक मारून दाखवलं. लघवी ११००, रंग फिकट. आप्पा रात्री एकदाच उठले.

आता एकच विचारायचं आहे. मंगळवारी पुण्याला दाखवायला बोलावलंय, गाडीने चार-साडेचार तास, तेही उन्हात. वाटेत पिशवी रिकामी करायला कुठे थांबता, आणि निघायच्या आधी आप्पांना काय खायला देऊ?