मदत हवी आहे: बेघरांसाठी चर्चचं स्वच्छतागृह उघडायला समितीला कसं पटवू?

नमस्कार. आमच्या चर्चची मंडळी रविवारच्या उपासनेनंतर रस्त्यावर राहणाऱ्यांना जेवण देते. मी वाढायला असते. मागच्या महिन्यात एका बाईंनी ताट घेतलंच नाही, हळूच विचारलं, "आत जाऊन येऊ का?" पाळी आली होती. किल्ली माझ्याच हातात, आणि मी म्हणाले, "विचारून सांगते." विचारून येईपर्यंत त्या निघून गेल्या होत्या.

तेव्हापासून वाढता वाढता बोलते. रात्री जायला जागा नाही म्हणून काहीजण संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. पिशव्या सोडून कामाला जाता येत नाही, बरोबर नेल्या तर कामावर घेत नाहीत. कागद चोरीला गेले की नवे काढायला पत्ता मागतात. डोळा लागला की कोणीतरी उठवतं. आणि आमचे फोटो! जेवणाचे फोटो ग्रुपवर जातात. एक आजोबा म्हणाले, "मी कुठे झोपतो ते मुलाला माहीत नाही, फोटो नको." मीच काढत होते.

समितीकडे मागितलं ते एवढंच: आठवड्यातून दोनदा स्वच्छतागृह, आंघोळ आणि पिशव्यांसाठी एक कपाट. उत्तर आलं, घाण होईल, चोऱ्या होतील, जेवण देतोच की. बायबलमधलं याकोब २:१५-१६ वाचून दाखवलं (उघड्या-उपाशी माणसाला नुसतं 'ऊब घे, पोट भर' म्हणून काय उपयोग?), तर समितीतले एक वडीलधारे म्हणाले, तिथे अन्नवस्त्राचंच लिहिलंय. (पुढे शरीराला लागणाऱ्या गोष्टींचाही उल्लेख आहे, हे मला घरी आल्यावर सुचलं!)

कोणाच्या मंडळीत असं काही चालतं का? समितीपुढे काय मांडू?

प्रतिसाद १
आमच्याकडे चालतं. बायकांची वेळ वेगळी ठेवा. पॅड आतच ठेवा, मागायला लावू नका. पिशवीला नंबरचा बिल्ला. सफाईच्या पाळ्या सभासदांनीच घ्यायच्या, आमचे पाळक (धर्मगुरू)सुद्धा घेतात. चोरी झाली नाही. नळ तुटला, तोही आमच्याच एका लग्नात. कायमचं मागू नका, तीन महिने करून बघू म्हणा.

'जेवण देतोच की'वर एक सांगा. पोप फ्रान्सिस यांच्या दानधर्माचं काम पाहणाऱ्या आर्चबिशपांनी एका बेघर माणसाला जेवायला बोलावलं. तो नको म्हणाला, अंगाला वास येतो म्हणून. त्यानंतर २०१५ मध्ये व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चौकाशी बेघरांसाठी शॉवर सुरू झाले, न्हावीही आला.

प्रतिसाद २
बायबलमधलं मार्क १०:५१ बघा. बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत होतं, तरी येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? आपण न विचारताच ताट पुढे करतो. त्यांनी काय काय मागितलं तेच लिहून समितीपुढे ठेवा, नावं न घालता. आणि फोटो थांबवायला समिती कशाला हवी?

मूळ प्रश्नकर्ती
फोटो बंद केले, जुनेही काढायला लावले. दोघांचे आभार. तीन महिन्यांचं पत्र आज लिहिते. बिल्ला हरवला तर पिशवी कोणाची ते कसं ठरवता?