मदत हवी आहे: ७ मेगाहर्ट्झवर एसडीआरचा गोंगाट कोॲक्सच्या बाहेरून आत येतोय का?

नमस्कार मंडळी,

गेले तीन आठवडे मी रोज संध्याकाळी साडेसातला ७.०३० मेगाहर्ट्झवर कान लावून बसतो. ज्या काकांनी मला मोर्स शिकवलं ते त्या वेळी तिथे असतात. वय झालं तसा त्यांनी मोठा रिग (रेडिओ संच) काढून टाकला आणि आता ५ वॅटच्या लहान सेटवर बोलतात. इंटरनेटवरून ऐकता येणाऱ्या एका दूरच्या रिसीव्हरवर त्यांचा सिग्नल व्यवस्थित मिळतो. डॅश किंचित लांब ओढायची त्यांची सवय आहे, दोन अक्षरांतच हात ओळखू येतो. माझ्या घरच्या एसडीआरवर (संगणकाच्या सॉफ्टवेअरने चालणाऱ्या रिसीव्हरवर) मात्र त्या जागी नुसती खरखर आहे. मला ते माझ्या स्वतःच्या अँटेनावर ऐकायचे आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

सामान असं आहे: ८ बिटचा यूएसबी डोंगल, त्याच्या आधी सिग्नल १२५ मेगाहर्ट्झने वर सरकवणारा अपकन्व्हर्टर (म्हणजे ७ ऐकायला १३२ वर ट्यून करायचं), २० मीटर तारेची एंड-फेड (एका टोकाला केबल जोडलेली) अँटेना, तिच्या टोकाला ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर आणि तिथून खोलीपर्यंत साधारण १२ मीटर कोॲक्स (मधली तार आणि भोवती जाळी असलेली केबल). वेगळं काउंटरपॉइज (अँटेनाच्या करंटला परतीची वाट देणारी तार) लावलेलं नाही. लॅपटॉप टेबलावरच असतो.

एस-मीटरचे (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचे) आकडे देत नाही, कारण डोंगल कॅलिब्रेट केलेला नाही. एजीसी (गेन आपोआप बदलणारी सोय) बंद, गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) एका जागी पक्का आणि बाकी सेटिंग्ज न हलवता ७.०३० च्या आसपासची मोकळी जागा मोजली. आकडे सॉफ्टवेअरच्या डेसिबलमध्ये आहेत, त्यामुळे फक्त फरकाकडे बघा. अँटेना काढल्यावर −९८. अँटेना लावून घरातलं सगळं चालू असताना −६८. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून घराचा मेन स्विच पाडल्यावर −७९. म्हणजे निदान ११ डेसिबलचा त्रास माझ्याच घरातला होता.

वॉटरफॉलचा (पडद्यावर सिग्नल रेघांसारखे सरकत दाखवणाऱ्या चित्राचा) वेग अगदी कमी केला तेव्हा चोराचा माग लागला. दर ५४ किलोहर्ट्झला एक जाड, अस्पष्ट कडांचा पट्टा, आणि सगळे पट्टे मिळून हळूहळू एका बाजूला सरकत होते. एएम मोडमध्ये ऐकलं तर त्यात घोगरी गुणगुण. ५० हर्ट्झच्या विजेला सेकंदात १०० ठोके पडतात, तीच ती गुणगुण. स्विचिंग सप्लाय (ॲडॉप्टरमध्ये असतो तसला वीजपुरवठा) असणार हे उघड होतं. मग एकेक एमसीबी पाडत गेलो, त्यानंतर त्या सर्किटवरचे प्लग एकेक करून काढले. शेवटी टेबलावरच्या एलईडी दिव्याचा ॲडॉप्टर सापडला. दिवा बंद असतानाही प्लगमध्ये असला की तो ओरडत होता! तो काढला आणि पातळी −७३ वर आली.

इथपर्यंत ठीक. इथून पुढे मी अडकलोय.

काल कोॲक्सचा प्लग परत लावताना एक गोष्ट लक्षात आली. मधली पिन आत गेलेली नव्हती, प्लगची फक्त बाहेरची कड अपकन्व्हर्टरच्या सॉकेटला टेकली होती. तेवढ्यावर वॉटरफॉल एकदम उजळला. मी हात मागे घेतला, पडदा काळा. परत कड टेकवली, परत उजळला. पाच-सहा वेळा करून पाहिलं. −९८ ची पातळी नुसत्या कडेच्या स्पर्शाने −७८ वर जाते, आणि मधल्या तारेचा तर अजून संबंधच आलेला नसतो.

माझी समजूत अशी की कोॲक्सच्या जाळीची बाहेरची बाजू स्वतःच अँटेना झाली आहे आणि घरातला कचरा गोळा करून यूएसबीच्या ग्राउंडवाटे आत सोडते आहे. बरोबर आहे का? बाजारात मिळणारे पाच क्लिपवाले फेराइट (गोंगाटाचा करंट अडवणारे चुंबकीय तुकडे) कोॲक्सवर ओळीने चढवले, जेमतेम १ डेसिबल फरक पडला. यूएसबी केबलवर एक लावला, काहीच नाही. फेराइट चुकीचे आहेत की माझी पद्धत चुकते आहे? चोक (असा करंट अडवणारा फेराइटचा अडसर) केबल घरात यायच्या जागी लावायचा की वर ट्रान्सफॉर्मरपाशी?

अजून एक. रात्री ७.१०० च्या वर मधूनच कुठल्यातरी प्रसारण केंद्राची बोलणी ऐकू येतात, जी तिथे असायला नकोत. हाही त्याच रोगाचा भाग आहे का?

सॉफ्टवेअरमधला नॉईज रिडक्शन वापरून पाहिला. खरखर मऊ होते, पण काकांचा सिग्नलही तिच्याबरोबर विरतो.

प्रतिसाद १

कड टेकवून पाहण्याची चाचणी उत्तम केलीत, निदान तिथेच झालं. हा कॉमन-मोड करंट आहे, म्हणजे जाळीच्या बाहेरच्या बाजूवरून वाहणारा करंट. एंड-फेडला काउंटरपॉइज दिलं नाही तर ती कोॲक्सची बाहेरची बाजूच काउंटरपॉइज म्हणून वापरते, आणि तुमची कोॲक्स घरातल्या वायरिंगच्या शेजारून जाते. अँटेनाचं एक टोक घरात आणून ठेवल्यासारखं झालंय ते.

क्लिपांबद्दल: ७ मेगाहर्ट्झला एका क्लिपमधून केबल एकदाच गेली तर काही दहा ओहमांचा अडथळा मिळतो. इथे हजारांत हवा. पाच क्लिपा लावल्या तर अडथळा पाचपट होतो, पण एकाच रिंगमधून पाच वेढे घेतले तर जवळजवळ पंचवीसपट, कारण तो वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. म्हणून साधारण ६ सेंटीमीटर व्यासाची ३१ नंबर मिक्सची (फेराइटच्या मिश्रणाचा प्रकार) रिंग घ्या आणि बारीक कोॲक्सचे १० ते १२ वेढे द्या. वेढे मोजताना केबल भोकातून किती वेळा गेली ते मोजायचं. ४३ मिक्सही चालते, पण खालच्या बँडांना ३१ सरस. रिंगवर नंबर छापलेला नसतो, त्यामुळे जुन्या सामानातली अनोळखी रिंग उचलू नका.

जागा: आधी ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंड टोकाला दोनेक मीटरची तार काउंटरपॉइज म्हणून जोडा. मग त्याच्या लगेच खाली पहिला चोक, आणि कोॲक्स खोलीत शिरते तिथे दुसरा. काउंटरपॉइज न देता वरच चोक लावलात तर अँटेनाला परतीची वाटच उरत नाही, हे विसरू नका.

आणि मोजताना नुसत्या खालच्या पातळीवर जाऊ नका. चोक लावल्यावर ओळखीच्या स्टेशनांचे सिग्नल तितकेच राहिले आणि गोंगाट उतरला, तरच कमाई झाली म्हणायचं.

प्रतिसाद २

रात्रीच्या बोलण्यांबद्दल लिहितो, कारण तो रोग वेगळा आहे. ७.२०० च्या वर प्रसारण केंद्रं असतात आणि रात्री ती प्रचंड ताकदीने येतात. डोंगलमधल्या, सिग्नलचे आकडे करणाऱ्या ८ बिटच्या कन्व्हर्टरची झेप जेमतेम ५० डेसिबल. त्याच्यापर्यंत जरुरीपेक्षा जास्त ताकद पोचली की तो नसलेले सिग्नल तयार करतो. ओळखायची खूण सोपी आहे: अँटेनाच्या वाटेत १० डेसिबलचा ॲटेन्युएटर (सिग्नल ठराविक प्रमाणात कमी करणारा भाग) घाला. खरा सिग्नल १० ने उतरेल, भूत २० ते ३० ने उतरेल किंवा गायबच होईल.

७ चा बँडपास फिल्टर (फक्त तेवढाच पट्टा आत सोडणारा) मध्यम लहरींची केंद्रं अडवेल, पण ७.२०० ला लागून असलेली नाही अडवू शकणार, ती फार जवळ आहेत. त्यांच्यावर गेन कमी करणं हाच इलाज. अँटेना लावल्यावर पातळी साधारण १० डेसिबलने वर जाते इतकाच गेन ठेवा. तुमच्याकडे ॲडॉप्टर काढूनही ती २५ ने वर जाते आहे. वरचे १५ तुम्हाला एकही जास्तीचं स्टेशन देत नाहीत, फक्त कन्व्हर्टर भरतात.

अजून एक सांगतो. −९८ गाठायचा ध्यास सोडा, तो फक्त तुमच्या रिसीव्हरचा स्वतःचा आवाज आहे. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) पी.३७२ शिफारशीतल्या सूत्राने हिशोब केला तर ७ मेगाहर्ट्झला वस्तीच्या भागातला मानवनिर्मित गोंगाट औष्णिक पातळीच्या (उष्णतेमुळे होणाऱ्या किमान गोंगाटाच्या) ४९ डेसिबल वर येतो, आणि अगदी शांत ग्रामीण भागात २९ च्या आसपास. हा २० डेसिबलचा फरक शेजारच्या घरांतून येतो, तुमचा मेन स्विच पाडून तो जाणार नाही.

मोर्ससाठी फिल्टर किती रुंद ठेवलाय? ५०० हर्ट्झवरून २०० वर आणलात तर गोंगाट ४ डेसिबलने कमी होतो, सिग्नलला धक्का न लागता. ५ वॅटच्या माणसाला ऐकताना ४ डेसिबल पुष्कळ असतात. नॉईज रिडक्शनच्या आधी हे करा.

धागाकर्त्याकडून

दोघांचेही मनापासून आभार. चार दिवस गेले यात, पण सांगितलंत तसंच केलं.

रिंग मिळाली, ३१ मिक्सचीच. ११ वेढे बसले. पहिला चोक आणि काउंटरपॉइज एकाच दुपारी लावलं. पातळी −७३ वरून −७७. दुसऱ्या दिवशी खोलीच्या खिडकीशी दुसरा चोक, −८१. घरातलं सगळं चालू असताना! आधी मेन स्विच पाडूनही मला −७९ च्या खाली जाता आलं नव्हतं. ओळखीच्या तीन स्टेशनांचे सिग्नल आधी आणि नंतर मोजले, एकाचा १ डेसिबल कमी झाला, बाकी जिथल्या तिथे. कड टेकवायची चाचणी परत केली, आता पडदा अगदी किंचित उजळतो, −९४.

हे सगळे आकडे जुन्याच गेनवरचे. मोजणी झाल्यावर गेन दोन पायऱ्यांनी उतरवला आणि ७.१०० वरची भुतं गेली. त्यातलं एक मात्र गेलं नाही. ॲटेन्युएटर घातल्यावर ते बरोबर १० ने उतरलं, म्हणजे ते खरोखरच तिथे आहे.

आणि काल साडेसातला फिल्टर २०० वर ठेवून बसलो होतो. आधी काहीच नव्हतं. मग गोंगाटाच्या अगदी काठावर एक बारीक रेघ उमटली आणि तो लांब ओढलेला डॅश ऐकू आला. पूर्ण कॉल नाही टिपता आला, मधली दोन अक्षरं फेडिंगमध्ये गेली. पण शेवटचं ७३ (निरोपाच्या शुभेच्छांचा संकेत) पूर्ण मिळालं. वहीत वेळ लिहून ठेवली: ७ वाजून ४१ मिनिटं.

आता एकच प्रश्न उरलाय. रोज सातच्या सुमाराला ७.०२८ ला एक सरळ, न सरकणारी उभी रेघ येते आणि साडेनऊला जाते. मेन स्विच पाडला तरी तशीच राहते, त्यामुळे ती माझ्या घरातली नाही. वायरचा लहान लूप करून फिरवून पाहिला तर एका दिशेला ती जवळजवळ नाहीशी होते. दिशा दोनच उरतात, समोरची किंवा मागची. दोन वेगळ्या जागांवरून लूप फिरवून रेघा कागदावर काढल्या तर छेद मिळेल असं वाटतंय. इतक्या जवळच्या अंतरावर लूपच्या नलवर (सिग्नल नाहीसा होतो त्या दिशेवर) कितपत विसंबता येतं? आणि घर सापडलं तर शेजाऱ्यांशी बोलायची सुरुवात तुम्ही कशी केलीत?

७३